भाड्यातला वाऱ्याचा वाटा
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापूस-ज्वारीच्या बैठकीत ट्रकला लागणाऱ्या वाऱ्याचं काय काढलं, असं तुम्हाला वाटेल. वाटू द्या. व्यापारी भाव सांगताना आधी वाहतूक वजा करतो, मग उरलेलं आपल्या हातावर ठेवतो. तेव्हा ट्रकने किती डिझेल प्यायलं, हा आपल्याच खिशाचा प्रश्न आहे.

आम्ही काही जण ठाणे जिल्ह्यात पडघ्याजवळ रस्त्याच्या कडेला अर्धा दिवस उभे राहिलो. कसारा घाट उतरून आलेला माल इथूनच भिवंडीच्या गोदामांकडे, कल्याण-डोंबिवलीकडे आणि माजिवड्यावरून ठाण्यात जातो. बहुतेक ट्रकांचं तोंड भिंतीसारखं सपाट. केबिनच्या वर हात-दोन हात माल चढलेला, ताडपत्री फडफडणारी, आणि फाळक्यामागे धुळीचा भोवरा गाडीबरोबर पळणारा.

त्या धुळीतच सगळं आहे. ट्रकला वारा पुढून ढकलतो आणि मागे पोकळी होते ती त्याला मागे ओढते. डोक्यावर कडब्याचा भारा घेऊन समोरच्या वाऱ्यात जो चालला आहे, त्याला हे वेगळं शिकवायला नको.

वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा विरोध चौपट होतो. 25 टनांचा भरलेला ट्रक सपाट रस्त्यावर ताशी 40 किलोमीटरने चालला, तर त्याच्या जोराचा साधारण चौथा हिस्सा वाऱ्याशी झुंजण्यात जातो. ताशी 80 केले की निम्म्याहून थोडा जास्त. घाट चढताना वजन खातं, वारा नाही. माजिवड्याच्या कोंडीत उभ्या गाडीला तर वाऱ्याचा काहीच त्रास नाही, तिथे नुसतं डिझेल जळतं! पण 5 जून 2025 पासून समृद्धी महामार्ग नागपूरपासून भिवंडी तालुक्यातल्या आमण्यापर्यंत, 701 किलोमीटर, सलग खुला झाला. जड गाड्यांना तिथे ताशी 80 ची मुभा आहे. आता वाऱ्याचा हिशेब करावाच लागेल.

1973 च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेत नासाच्या लोकांनी एका गाडीवर पत्र्याचा चौकोनी खोका चढवला आणि तिला लागणारा वारा मोजला. मग खोक्याचे कोपरे गोल केले. विरोध निम्म्याहून कमी झाला. विमानं करणारी ही माणसं. त्यातल्या एकाला हे सुचलं सायकलवरून कामाला जाताना, शेजारून ट्रक गेला की बसणाऱ्या धक्क्यावरून.

आपल्या गाडीचा खोका तर बदलता येत नाही. केबिनच्या टपावर वारा वर वळवणारी तिरपी पाटी बसवता येते. तिने वाऱ्याचा विरोध दहावा हिस्सा कमी झाला असं धरा. म्हणजे ताशी 80 ला डिझेल शेकडा 5 ने वाचलं. लिटरला 4 किलोमीटर धरले तर आमण्यापर्यंत 175 लिटर लागतात, त्यातले 9 लिटर वाचले. 90 रुपयांनी आठशे रुपये एका फेरीचे.

पाटीलाही पैसे लागतात म्हणाल, तर बिनपैशाचा उपाय त्याहून मोठा आहे. 80 ऐवजी 65 ने चाला. वाऱ्याचा विरोध तिसऱ्या हिश्श्याने उतरतो, डिझेल ढोबळमानाने सहाव्या हिश्श्याने. वेळ दोन तास जास्त. रुईच्या गाठींना दोन तासांनी काय होणार आहे? भाजीपाल्याची गोष्ट निराळी.

आणि ताडपत्री. गाठी एका उंचीत, केबिनला लागून रचा, दोर आवळा. परतीला उंच फाळक्याची गाडी रिकामी येते, तेव्हा वारा वरून आत शिरून मागच्या फाळक्यावर आदळतो. तिच्यावरही ताडपत्री ताणून बांधा.

यातली बचत ट्रकवाला आपण होऊन आपल्याला देईल, अशा भ्रमात आम्ही नाही. भाडं गावाने एकत्र ठरवलं, पाच-सहा जणांचा माल एका गाडीत भरला, तरच वेगाची आणि पाटीची अट घालून भाव करता येतो. येत्या हंगामाची पहिली गाडी भरताना चालकाला एवढं विचारा: लिटरला किती देते, आणि किती वेगाने? आकडा वहीत लिहा आणि पुढच्या बैठकीला वही घेऊन या.