मोटारीचा पोचा आणि माणसाची छाती

महामार्गावर मोटार आदळली की तिचा पंचनामा होतो, विम्याचा माणूस नुकसान मोजतो. मग ती डेंटरच्या दारी येते. तो आतून डॉली धरतो, बाहेरून हातोडी मारतो, पुट्टी घासतो आणि रंग फवारतो. हार्डनर घातलेल्या रंगात आयसोसायनेट असते. त्याने दमा जडतो. तोंडावरचा रुमाल ती वाफ अडवीत नाही.

या नुकसानीचा पंचनामा कोण करतो? १९४८ च्या कारखाने कायद्यात विजेवरच्या कामाला १० कामगारांची अट होती. २०२० च्या संहितेने ती २० केली. आमच्या बोदवडसारख्या गावी गॅरेजात माणसे तीन-चार. म्हणजे कायद्याच्या लेखी तो कारखानाच नव्हे!

बाजारातल्या हमालाचाही मालक रोज बदलतो. तरी १९६९ च्या माथाडी कायद्याने त्याच्यासाठी मंडळ झाले, भविष्यनिर्वाह निधी आला. तो कुणी दान दिला नाही. हमालांच्या एकजुटीने मिळवला. आम्ही डेंटरांसाठी तेच मागतो. दुरुस्तीच्या बिलात पत्र्याचे पैसे असतात, रंगाचे असतात. मुखवट्याचे आणि छातीच्या तपासणीचेही असोत. मोटारीचा पोचा निघतो, फुप्फुसाचा निघत नाही.