मातेच्या मुखींची ओवी



जातें मुकें झालें, त्यासवें लोहगडवाडीच्या घराघरांतील ओवीहि लोपूं लागली. पीठ गिरणी देईल. पण ओवीनें जें होई, तें गिरणीनें होणें नाहीं. बाळ गर्भांतच मातेचा स्वर ऐकूं लागतें. पुढें गीताच्या ठेक्यानें शब्दांतील अक्षरें वेगळालीं ओळखण्यास त्याचा कान सरावतो, व वाचन सुलभ होतें.

फादर स्तीफन्स यांचें १६१६ सालीं गोमंतकांत छापलेलें ख्रिस्तपुराण ओवीबद्धच आहे; जें गाइलें, तें कंठीं राहिलें. आम्हीं मात्र धर्मशिक्षणाच्या वर्गांत नुसती घोकंपट्टी करविली, गुणगुणणाऱ्या बालकांस दटाविलें. ती आमची चूक होय.

या ज्युबिलीनिमित्त एकच विनंती : निजतेवेळीं मोबाइल बाजूस ठेवून बाळास स्वमुखानें एक ओवी ऐकवा. प्रभु आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.