लहान पतंग आणि शाळेची नोंदवही



शेगावच्या आसपास पऱ्हाटी फुलावर आली म्हणजे रात्रीच्या वेळी एक लहानसा करडा-तपकिरी पतंग शेतात वावरू लागतो. पंख पसरले तरी त्याची रुंदी अवघी १५ ते २० मिलिमीटर भरते. त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. परंतु त्याची अळी बोंडात शिरली म्हणजे शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कष्टाचा हिशेब बदलतो. हीच गुलाबी बोंडअळी होय.

या पतंगास शास्त्रीय नाव मिळाले ते आपल्याच देशातील नमुन्यांवरून. भडोच येथील सरकारी कापूस लागवडीच्या अधीक्षकांनी १८४२ साली कापसाची नासाडी करणाऱ्या या किडीचे नमुने इंग्लंडला पाठविले. तेथे विल्यम विल्सन साँडर्स यांनी तिचे वर्णन १८४३-४४ च्या सुमारास प्रसिद्ध केले व तिला ‘गॉसिपिएला’ हे नाव दिले. ‘गॉसिपियम’ म्हणजे कापूस. ‘एला’ हा प्रत्यय लहान पतंगांच्या नावांस लावण्याची प्रथा लिनीयसपासून चालत आलेली आहे.

नवीन जातीचे वर्णन करणे म्हणजे केवळ नाव ठेवणे नव्हे. नमुना टाचणीवर लावून पंखांवरील खुणा, शिरांची मांडणी व शरीराची सूक्ष्म रचना तपासावी लागते. जवळच्या ज्ञात जातींशी तुलना करून तो वेगळा का, हे सिद्ध करावे लागते. ज्या नमुन्यावरून वर्णन केले, तो संग्रहालयात कायम जतन करतात. त्याच्यासोबत स्थळ, तारीख व गोळा करणाऱ्याचे नाव लिहिलेली चिठ्ठी असते. चिठ्ठी हरवली की नमुन्याचे मोल बहुतांशी गेले.

या कार्यात एका शिक्षकाचा वाटा फार मोठा आहे. एडवर्ड मेरिक (१८५४–१९३८) हे इंग्लंडमधील मार्लबरो येथील शाळेत ग्रीक-लॅटिन शिकवीत. फावल्या वेळात त्यांनी भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया इत्यादी देशांतून आलेल्या हजारो सूक्ष्म पतंगांची वर्णने लिहिली. दक्षिण आफ्रिकेतील कित्येक चिमुकल्या पतंगांना पहिले नाव त्यांच्याच लेखणीतून मिळाले. तथापि सूक्ष्मदर्शकाखाली शरीररचना तपासण्याकडे त्यांचा कल नव्हता. त्यामुळे त्यांच्या अनेक नोंदी पुढील संशोधकांना पुन्हा पाहाव्या लागल्या. त्यांचा उद्योग घ्यावा आणि ही उणीवही ध्यानात ठेवावी.

कीड ओळखली गेली नाही तर काय होते, याचे उदाहरण आफ्रिकेतच आहे. १९०६-०७ च्या सुमारास भारतातून गेलेल्या कापसाबरोबर ही अळी इजिप्तमध्ये पोहोचली, असे मानले जाते. सरकीत दडून ती महिनोन्‌महिने सुप्तावस्थेत राहू शकते. पुढे इजिप्तच्या सरकीबरोबर ती मेक्सिकोतही गेली. आपल्याकडे २००२ साली बीटी कापसाच्या लागवडीस परवानगी मिळाली. काही वर्षे बोंडअळीची भीती ओसरली. परंतु गुलाबी बोंडअळी त्या वाणास सरावली आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रातील कापसाचे मोठे नुकसान झाले.

ग्रामीण शिक्षकास या कामी पुष्कळ करता येण्यासारखे आहे. अळीने पाकळ्या जाळीने बांधल्यामुळे जे फूल उमलत नाही, त्यास शेतकरी ‘डोमकळी’ म्हणतात. अशी डोमकळी वर्गात उघडून दाखवावी. बोंडावरील अळीचे प्रवेशछिद्र भरून येते; म्हणून बाहेरून बोंड निरोगी दिसते. मुलांनी पालकांकडून शेताच्या निरनिराळ्या भागांतील २० हिरवी बोंडे मागून आणावीत व शिक्षकांनी ती स्वतः चिरून दाखवावीत. दोन बोंडांत अळी सापडली तर प्रादुर्भाव शेकडा १० झाला. हीच उपाय करण्याची मर्यादा मानतात. अशा रीतीने शेकडेवारीचा पाठ व निसर्गाचा पाठ एकत्र साधतो. मात्र औषध फवारलेल्या शेतात मुलांना नेऊ नये, फवारणी नुकतीच झाली असल्यास बोंडेही मागवू नयेत, आणि पाठानंतर सर्वांनी साबणाने हात धुवावेत.

सापडलेली अळी बोंडासह काचेच्या बरणीत ठेवून तोंडास पातळ फडके बांधावे. पुढे कोष होतो व कोषातून पतंग निघतो. प्रत्येक अवस्थेची तारीख मुलांनी वहीत लिहावी. बरणीवर गाव, शेत, पीक व दिनांक यांची चिठ्ठी लावावी. निरीक्षण संपल्यावर अळ्या, पतंग व किडकी बोंडे नष्ट करावीत. वेगळा कीटक आढळल्यास चिठ्ठीसह तो कृषी विभागाच्या कर्मचाऱ्यांना किंवा अकोला येथील डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या तज्ज्ञांना दाखवावा. तर्काने नाव लिहू नये. ‘नाव ठाऊक नाही’ असे लिहिणे हीदेखील प्रामाणिक नोंदच आहे.

हंगाम संपल्यावर फरदड न घेता पऱ्हाटीची विल्हेवाट वेळेवर लावावी, हा सल्ला शेतकऱ्याने अनेकदा ऐकलेला असतो. परंतु स्वतःच्या मुलाने बोंडातील अळी दाखवून वहीतील आकडे वाचले, तर तोच सल्ला त्यास निराळ्या अर्थाने पटेल. यासाठी शाळेस खर्च नाही. एक बरणी, एक चिठ्ठी आणि नियमितपणे भरलेली वही एवढे साहित्य पुरेसे आहे.