मातीतील जंतू आणि कपड्यावरील डाग



रक्ताचा डाग ऊन पाण्यात धुऊ नये, ही शिकवण आपल्या घरांत पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे. तिच्या मुळाशी शास्त्र आहे. रक्त, दूध, अंडे ह्यांच्या डागांत प्रथिने असतात. उष्णतेने ती गोठतात आणि धाग्याला घट्ट धरून बसतात. साबण तेलकटपणा काढतो. गोठलेल्या प्रथिनापुढे मात्र त्याचे फारसे चालत नाही. ते सुटावयाचे, तर प्रथम त्याचे तुकडे व्हावयास हवेत. आपल्या पोटात हे काम पाचक रसांतील विकरे, म्हणजेच एन्झाइमे, करीत असतात.

तेच काम धुण्याच्या बादलीत करून घ्यावे, ही कल्पना जर्मन रसायनज्ञ ऑटो रोम यांची. १९१३ साली त्यांनी जनावरांच्या स्वादुपिंडातील विकर कपडे भिजविण्यासाठी वापरण्याचे पेटंट घेतले. परंतु साबण-सोड्याच्या क्षारयुक्त पाण्यात त्या विकराचा जोर टिकत नसे.

टिकाऊ विकर सापडले ते आपल्या पायांखालच्या मातीत. बॅसिलस सबटिलिस हा जंतू मातीत आणि वाळल्या गवतावर सर्वत्र आढळतो. हे नाव त्याला फर्डिनांड कोन यांनी १८७२ साली दिले. ह्या जंतूला तोंड नाही. प्रथिनाचा मोठा रेणू त्याला आत घेता येत नाही. म्हणून तो आपले विकर बाहेर सोडतो, अन्न बाहेरच पचवितो आणि मग त्याचे बारीक अंश शोषून घेतो. जे उघड्या मातीत राबावयाचे, ते नाजूक असून कसे चालेल? १९४७ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत लिंडरस्ट्रोम-लांग आणि ओटेसेन यांनी अशा एका विकराची अंड्यातील प्रथिनावर होणारी क्रिया नोंदविली. पुढे त्यास सबटिलिसिन हे नाव मिळाले.

हे विकर बनविण्याची रीत ऐकावयास सोपी आहे. पोलादी टाक्यांत पिष्ट आणि सोयाबीनचे पीठ कालवून ते निर्जंतुक करतात, त्यात निवडक जंतू सोडतात आणि शुद्ध हवा खेळवितात. काही दिवसांनी जंतू गाळून काढले की विकर द्रवात उरते. खरी अडचण येथून पुढे सुरू होते. प्रथिने कापणारे हे विकर स्वतःही प्रथिनच आहे! तेव्हा एका रेणूने दुसऱ्यास खावे आणि बाटलीतील सारी शक्ती हळूहळू नष्ट व्हावी, असे घडते. कॅल्शियमने त्याची घडण बळकट होते. द्रवरूप साबणात टाकणखाराच्या जातीची संयुगे घालून त्याचे तोंड जणू बांधून ठेवतात. बादलीतील भरपूर पाण्यात ते बंधन आपोआप सुटते.

डाग उजळविणाऱ्या रसायनांनीही हे विकर निकामी होई. त्याच्या साखळीतील २२२ व्या स्थानी मेथिओनिन हे अमिनो आम्ल असते. ते ह्या रसायनांस बळी पडे. १९८५ साली अमेरिकेतील संशोधकांनी जनुकात फेरफार करून तेथे अॅलानिन, सेरीन अशी दुसरी आम्ले बसविली. विकराचा वेग उणावला, पण त्याचा टिकाव वाढला.

त्याआधीच ह्या उद्योगाला एक कटू धडा मिळाला होता. सुरुवातीची विकरे बारीक भुकटीच्या रूपात असत. ब्रिटनमध्ये अशी भुकटी हाताळणाऱ्या कामगारांना तिची धूळ श्वासावाटे जाऊन दम्यासारखा विकार जडल्याचे १९६९ साली प्रसिद्ध झाले. शरीराला एकदा ह्या प्रथिनाचे वावडे निर्माण झाले, की अल्पशी धूळही पुरेशी होते. घरोघरचे कपडे उजळले, त्याचे मोल कामगारांनी आपल्या श्वासाने दिले. त्यानंतर विकराच्या कण्या करून त्यांवर मेणासारखे वेष्टण चढविण्यात येऊ लागले आणि कारखान्यांतील हवेवर देखरेख सुरू झाली. विकर टिकविणे जितके अगत्याचे, तितकेच ते आवरून धरणेही अगत्याचे, हे तेव्हा उमगले.

आपल्या घरीही हा आवर हवाच. लोकर आणि रेशीम हीदेखील प्रथिनेच आहेत. डाग कोणता आणि वस्त्र कोणते, हे विकराला कळत नाही. म्हणून सुती सदरा अशा भुकटीत खुशाल भिजवावा. लोकरीची शाल, पैठणी किंवा इरकलीचा रेशमी पदर मात्र तिच्यापासून दूरच ठेवावा.