नवी आवृत्ती आणि आपला जुना संगणक

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा माझा विषय वरवर पाहता यंत्राचा वाटेल. पण खरे तर तो आपल्या घरातील पैशाचा आणि मुलांच्या अभ्यासाचा आहे. बारामतीचे पालक असोत की इंदापूरचे, त्यांची एक तक्रार सारखीच असते. पोटाला चिमटा काढून मुलांसाठी संगणक घेतला. तो बंद पडलेला नाही, तरी त्याच्या पडद्यावर सूचना येते की आता नवी आवृत्ती घ्या. दुकानात विचारावे तर उत्तर मिळते, ‘या यंत्रावर ती बसत नाही, नवे घ्या.’

ही तक्रार रास्त आहे. आपल्या भागातील शेतकऱ्याच्या विहिरीवरची मोटार जळाली तर तो ती भरून आणतो आणि पुन्हा वर्षानुवर्षे वापरतो. मोटार चालू असताना ‘तिची मुदत संपली’ असे तिचा कारखानदार सांगत नाही. संगणकाचे मात्र निराळे आहे. यंत्र आपल्या मालकीचे. पण ते चालविणारी कार्यप्रणाली, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टिम, किती वर्षे सांभाळायची हे कंपनी ठरविते.

विंडोजचेच उदाहरण घेऊ. २००१ साली आलेल्या एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजी थांबली. २००९ च्या विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० रोजी, तर जुलै २०१५ मध्ये आलेल्या विंडोज १० ची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. व्यक्तिगत ग्राहकांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आणखी एक वर्षाची मुदत कंपनीने जाहीर केली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप आणि बरेच नवे प्रोसेसर लागतात. त्यामुळे सुस्थितीतील असंख्य यंत्रे एका नियमाने बाद ठरली.

कोणी म्हणेल, दहा वर्षे काय थोडी झाली? येथेच खरी मेख आहे. ही वर्षे मोजली जातात ती आवृत्ती बाजारात आली त्या दिवसापासून. आपण पैसे मोजले त्या दिवसापासून नव्हे. मोठ्या शहरातील कचेरीत सहा वर्षे वापरलेला संगणक आपल्याकडील गॅरेजवाला किंवा शिंपी आपल्या मुलीसाठी घेतो, तेव्हा त्याच्या वाट्याला उरतात अवघी तीन-चार वर्षे. ज्याची ऐपत कमी, त्याला मुदतही कमी, असा हा उलटा हिशेब आहे. स्वस्त मोबाइलची गत तर याहून वाईट असते.

मग सगळे अपडेट बंदच करून टाकावेत काय? मुळीच नाही. येथे दुरुस्ती आणि नवी आवृत्ती यांतील फरक ओळखला पाहिजे. दुरुस्ती म्हणजे गळके छप्पर शाकारणे. नवी आवृत्ती म्हणजे घरच बदलणे. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या घातक प्रोग्रामने जगभर संगणकांतील फायली कुलूपबंद करून खंडणी मागितली. इंग्लंडमधील सरकारी रुग्णालयांची कामेसुद्धा अडली. त्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च महिन्यातच दिली होती. ज्यांनी ती बसविली नव्हती, ते सापडले. म्हणून सुरक्षेची दुरुस्ती टाळू नये. चकचकीत नव्या आवृत्तीची मात्र घाई करू नये.

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमच्यासाठी. ‘डावीकडचे तिसरे बटण दाबा’ अशा रीतीने शिकलेले ज्ञान पुढच्या आवृत्तीत निकामी होते. २००७ च्या ऑफिसमध्ये वर्डचे जुने मेनू जाऊन नवी पट्टी आली, तेव्हा क्लासमध्ये पाठ केलेले सारे विस्कटले. २०१२ च्या विंडोज ८ मधून स्टार्ट बटणच गेले. लोकांनी जगभर ओरड केली आणि पुढच्याच वर्षी ते परत आले. यातून दोन धडे घ्या. बटणाची जागा पाठ न करता फाइल म्हणजे काय, ती कोठे साठते, तिची प्रत कशी ठेवावी, ही तत्त्वे शिका. आणि गैरसोय झाली तर गप्प बसू नका. वापरणाऱ्याच्या तक्रारीलाही वजन असते.

दुसरा तोटा आपल्या भाषांचा आहे. पूर्वी मराठी मजकूर श्री-लिपी किंवा शिवाजीसारख्या फाँटमध्ये आणि उर्दू मजकूर जुन्या इनपेजमध्ये टाइप होत असे. संगणक बदलला आणि तो फाँट किंवा ते सॉफ्टवेअर मिळाले नाही, की जुन्या प्रश्नपत्रिका आणि अहवाल यांच्या जागी अगम्य चिन्हे दिसतात. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक असतो. त्यात लिहिलेले यंत्र बदलले तरी वाचता येते.

तेव्हा पालकांना माझ्या चार विनंत्या आहेत. खरेदीपूर्वी दुकानदाराला किमतीबरोबरच विचारा, ‘याला कोणत्या सालापर्यंत सुरक्षेची दुरुस्ती मिळेल?’ आणि ते साल बिलावर लिहून घ्या. मुलांची प्रमाणपत्रे आणि फोटो यांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा. मराठी-उर्दू लेखन युनिकोडमध्येच करा. आणि जुने यंत्र भंगारात देण्यापूर्वी त्यावर लिनक्स चालते का ते पाहा. ही कार्यप्रणाली विनामूल्य मिळते आणि तिच्या काही हलक्या आवृत्त्या जुन्या यंत्रावरही चालतात. केरळातील सरकारी शाळांत मुले अनेक वर्षांपासून त्यावरच शिकत आहेत. आपल्या संस्थेनेही निदान एका यंत्रावर हा प्रयोग करून पाहावा, अशी माझी नम्र सूचना आहे.

नवे येतच राहणार. त्याला आपला विरोध नाही. पण शिष्यवृत्तीचा अर्ज भरणाऱ्या मुलीचे शिक्षण एखाद्या कंपनीच्या तारखेवर अडू नये, एवढी दक्षता आपण सर्वांनी मिळून घेतली पाहिजे.