आसन राजाचे, हात कोणाचे?



मी कलेचा पंडित नव्हे. उभा जन्म कामगारांच्या हजेऱ्या नि पगारपत्रके पाहण्यात गेला. त्यामुळे एखादी सुंदर वस्तू पाहिली की ही केली कोणी, हा प्रश्न मला आधी पडतो. आज बोलणार आहे ते कांगो देशाच्या आग्नेय भागातील लुबा लोकांच्या राजासनाविषयी.

आसन म्हणजे दीड-दोन फूट उंचीची गोल बैठक. सारे एकाच ओंडक्यातून कोरलेले. बैठक तोलून धरली आहे एका स्त्रीने, डोक्यावर आणि दोन्ही हातांवर. आपल्याला वाटेल, बिचारी दासी! तसे नाही. लुबांच्या समजुतीप्रमाणे राजसत्तेचा आधारच स्त्री. मेलेल्या राजाचा आत्मा स्त्रीच्याच अंगी वास करतो. आणि मौज अशी, की या आसनावर सहसा कोणी बसत नसे! पांढऱ्या कापडात गुंडाळून ते जपून ठेवीत.

कोरण्याचे मुख्य हत्यार वाकस; आपल्या सुतारांच्या हाती असते त्याच जातीचे. हाच वाकस नक्षीदार करून लुबा सरदार मानचिन्ह म्हणून खांद्यावर मिरवीत. हत्याराला एवढा मान! मग हत्यार चालविणाऱ्याचे काय?

लिओपोल्ड राजाच्या आणि पुढे बेल्जियमच्या अमलात, म्हणजे 1885 ते 1960 या काळात, अशा असंख्य वस्तू युरोपात गेल्या. कोणाकडून मिळाली याची नोंद पुष्कळदा झाली. कोणी कोरली, हे क्वचितच कोणी विचारले. 'अमुक जमातीचे काम' म्हटले की संपले. कारखान्यात माणसाला टोकन नंबराने हाक मारतात, त्यातलाच प्रकार.

बेल्जियमचे अभ्यासक फ्रान्स ऑल्ब्रेख्ट्स यांना 1930 नंतरच्या दशकात काही मूर्तींत एकच हात दिसला. लांबट, ओढलेला चेहरा, वर आलेली गालफडे, शरीराच्या मानाने मोठे पंजे. कारागिराचे नाव ठाऊक नव्हते, म्हणून गावावरून त्याला 'बुलीचा उस्ताद' म्हणू लागले. आज सुमारे वीस वस्तू त्या हाताच्या मानतात. पुढे त्याच मुलखातून एक नाव मिळाले: न्गोंगो या चिंटू. हा एक माणूस, की एका कारखान्यातले दोघेतिघे, यावर पंडितांत वाद आहे. तो त्यांनी खुशाल घालावा. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील आसनाच्या नोंदीत आता हे नाव लिहिलेले आहे.