दुखण्याला नाव हवं

श्रोतेहो, दुखण्याला आपल्या मराठीत किती शब्द आहेत! डोक्यात ठणका, पोटात कळ, बरगडीत चमक, कमरेत उसण, पोटरीत गोळे, तळपायाची आग, बोटांना मुंग्या. पण पेडगावात कापूस वेचून आलेली बाई रात्री पाय धरून बसली, तर तिला दोनच गोष्टी ऐकायला मिळतात: 'कामानं दुखतंय' नाहीतर 'कामाचा कंटाळा'. बहुतेकदा दुखणं कामाचंच असतं. पण थोड्या कामानंही वर्षानुवर्षं अंग मोडून येत असेल, आईचं किंवा भावंडाचंही तसंच असेल, तर कारण पेशीत असू शकतं.

पेशींमध्ये मायटोकाँड्रिया नावाची बारीक वीजकेंद्रं असतात. खाल्लेल्या भाकरीची ताकद तिथं तयार होते. त्यांत जन्मजात बिघाड असला की शरीरात भारनियमन सुरू होतं. दिवा मिणमिणतो, मोटार पाणी उचलत नाही. स्नायू, मेंदू, हृदय, डोळे यांना वीज जास्त लागते, म्हणून ते आधी अडतात. मग स्नायूंचा ठणका, अर्धशिशी, नसांची आग. साधे रिपोर्ट पुष्कळदा नॉर्मल येतात आणि माणूस ढोंगी ठरतो.

या केंद्रांचे स्वतःचे 37 जनुक असतात, ते आईकडून येतात. आईच्या पेशीत चांगली आणि बिघडलेली केंद्रं मिसळलेली असली, तर एक बहीण अंथरुणाला खिळते, दुसरी धडधाकट राहते. म्हणून लगेच सुनेला बोल लावू नका. या केंद्रांना लागणारे हजाराहून अधिक जनुक आई-बाप दोघांकडून येतात. लहान मुलांतले बरेच आजार त्यांतलेच. तुमच्याकडे मामाची मुलगी, आमच्याकडे चुलत-मावस. घरात असा आजार असेल, तर नात्यात सोयरीक जुळवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

मुळापासून बरं करणारं औषध बहुतेकांसाठी अजून नाही. पण दुखणं कमी करता येतं. स्नायूंच्या ठणक्याचा उपाय वेगळा, नसांच्या आगीचा वेगळा. म्हणून डॉक्टरांना नुसतं 'दुखतं' म्हणू नका, नेमका शब्द सांगा. मेडिकलमधून मनानं गोळ्या आणू नका. काही औषधं या आजारात घातक ठरतात. बेतानं चालणं, मध्ये विसावा, वेळेवर जेवण. लांब उपाशी राहणं धोक्याचं, मग ती एकादशी असो की रोजा. आजाऱ्याला रोज्याची सूट तर धर्मानंच दिलेली आहे. श्रमानंतर लघवी काळसर-लाल झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

केंद्र सरकारचं दुर्मिळ आजारांचं धोरण 2021 मध्ये आलं. मुंबईचं केईएम रुग्णालय त्यातलं एक केंद्र आहे. हैदराबादची सीसीएमबी ही संस्था या जनुकांवर संशोधन करते, आणि मराठवाड्याला हैदराबादची वाट नवी नाही.

पण श्रोतेहो, पहिली तपासणी घरातच होते. 'दुखतंय' म्हणणाऱ्यावर आधी विश्वास ठेवा. त्याला पैसे लागत नाहीत.